पलीकडून उत्तर आले नाही, म्हणजे नेमके काय झाले?

दिव्याकडे जाणारी तार मध्येच तुटली, तर दिवा तत्क्षणी विझतो. जलवाहिनी फुटली, तर नळाचे पाणी थांबते. जोडणी तुटल्याची बातमी टोकाशी आपोआप पोहोचते, हा आपला रोजचा अनुभव आहे. त्यामुळे इंटरनेटवरून एकमेकांशी बोलणाऱ्या दोन संगणकांमधली जोडणी तुटली, तर तेही दोघांना लगेच कळत असेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेकदा दोघांनाही काहीच कळत नाही. पलीकडचा संगणक बंद पडून दोन तास झाले तरी अलीकडचा संगणक 'जोडणी चालू आहे' असेच समजत बसलेला असू शकतो.

असे का होते? आणि ज्याला जाळ्यावर चालणारा प्रोग्राम लिहायचा आहे, त्याने यावर काय करायचे? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण आपण शाळेची माहिती ऑनलाइन भरून बटण दाबतो, पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि 'पुन्हा बटण दाबावे की नाही' असा संभ्रम पडतो, तेव्हा आपण याच प्रश्नापाशी उभे असतो. पैसे पाठवताना असे झाले, तर चुकीच्या उत्तराची किंमत रुपयांत मोजावी लागते. म्हणून हा विषय थोडा मुळापासून समजून घेऊ.

जोडणी म्हणजे दोन वह्या

जुन्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्या दोघांच्या दरम्यान खरोखरच एक विद्युतमार्ग राखून ठेवलेला असे. इंटरनेटमध्ये असा राखीव मार्ग नसतो. माहितीचे लहान लहान तुकडे केले जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो आणि ते वाटेतल्या राउटरांच्या हातांतून पुढे पुढे सरकत जाते. पॅकेट हरवू शकते, उशिरा पोहोचू शकते, मागचे पुढे होऊ शकते, क्वचित एकाची दोनही होतात.

अशा बेभरवशाच्या व्यवस्थेवर भरवशाची जोडणी कशी उभारायची, याची मांडणी व्हिन्ट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली. तिच्यातूनच पुढे टीसीपी हा संदेशवहनाचा नियमसंच तयार झाला. त्याचे प्रमाणित रूप सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे या पद्धतीवर आले.

टीसीपीची युक्ती साधी आहे. समजा, दोन मित्र दुसऱ्यांच्या हाती चिठ्ठ्या देऊन एकमेकांशी व्यवहार करतात. प्रत्येकाने स्वतःजवळ एक वही ठेवली आहे. तिच्यात मित्राचा पत्ता, आपण कोणत्या क्रमांकापर्यंत चिठ्ठ्या पाठवल्या, त्यांपैकी कितींची पोच आली आणि त्याच्याकडून कोणत्या क्रमांकापर्यंत चिठ्ठ्या मिळाल्या, एवढे लिहिलेले असते. पोच आली नाही तर तीच चिठ्ठी पुन्हा पाठवायची. एकच चिठ्ठी दोनदा आली तर क्रमांक पाहून दुसरी बाजूला टाकायची. टीसीपीची जोडणी म्हणजे या दोन वह्या, दुसरे काही नाही. मधले राउटर मूळ रचनेनुसार फक्त पत्ता वाचून पॅकेट पुढे ढकलतात. त्यांच्याकडे या जोडणीची कसलीही नोंद नसते.

अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाने १९८३ मध्ये युनिक्सच्या आपल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत 'सॉकेट' नावाची सोय दिली. विजेच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये पिन खोचली की काम झाले, पलीकडे वीज कुठून येते याचा विचार आपण करत नाही. तसेच इथेही. प्रोग्रामने सॉकेट उघडायचे आणि एखादी फाइल वाचावी-लिहावी तसे त्यात वाचायचे-लिहायचे. क्रमांक, पोच, पुन्हा पाठवणे हे सगळे ऑपरेटिंग सिस्टिम पाहून घेते. ही सोय इतकी उत्तम ठरली की आजही बहुतेक सर्व संगणकभाषांत ती जवळपास त्याच स्वरूपात आहे. मात्र या सोयीमुळे एक गोष्ट झाकली जाते. फाइल आपल्याच यंत्रात असते. सॉकेटचे दुसरे टोक मात्र आपल्या ताब्यात नसलेल्या, कदाचित आता अस्तित्वातही नसलेल्या यंत्रात असते.

तार काढली, तरी जोडणी शाबूत

एक प्रयोग करून पाहता येईल. दोन संगणक दोन वेगवेगळ्या स्विचना जोडा आणि ते स्विच एका तारेने एकमेकांना जोडा. दोन्ही संगणकांवर एकमेकांशी सॉकेटने बोलणारे छोटे प्रोग्राम चालवा. पायथन भाषेत असा प्रोग्राम पंधरा-वीस ओळींत होतो. थोडे संदेश पाठवून झाले की दोघांना गप्प ठेवा आणि दोन स्विचमधली तार काढून घ्या. दहा मिनिटांनी तार पुन्हा लावा आणि संदेश पाठवा. संदेश बिनतक्रार पोहोचतो! तार नसलेल्या दहा मिनिटांत कोणीही काही पाठवले नाही, म्हणून काहीही हरवले नाही आणि दोन्ही वह्या जशाच्या तशा राहिल्या. (संगणकाचीच तार काढू नये. काही ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःची तार निघालेली ओळखून जोडणी मोडतात आणि प्रयोगाचा हेतू फसतो.)

हा रचनेतला दोष नाही, ती हेतुपुरस्सर ठेवलेली गोष्ट आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये इंटरनेटच्या रचनेमागचे विचार एका निबंधात मांडले. जाळ्याचे काही भाग किंवा मधली यंत्रे बंद पडली तरी टोकाच्या दोघांचे संभाषण चालू राहावे, हे एक महत्त्वाचे उद्दिष्ट होते. त्यासाठी संभाषणाची सर्व नोंद दोन टोकांनाच ठेवायची. टोकाचे यंत्रच गेले तर त्याच्याबरोबर नोंद गेली तरी चालेल, असे ठरले. म्हणूनच वाटेतल्या एखाद्या राउटरने 'पुढचा रस्ता बंद आहे' असे कळवले, तरी टीसीपी तेवढ्यावरून चालू जोडणी मोडत नाही. रस्ता थोड्या वेळाने उघडेल, अशी ती आशा धरते.

या चिवटपणाची किंमत अशी, की तात्पुरती अडचण आणि कायमचा शेवट हे दोन्ही सुरुवातीला अगदी सारखे दिसतात.

शेवटाचे चार प्रकार

सॉकेटवर काम करणाऱ्या प्रोग्रामच्या नजरेतून जोडणीचा शेवट चार तऱ्हांनी होऊ शकतो.

पहिला, निरोप घेऊन. पलीकडच्या प्रोग्रामने सॉकेट रीतसर बंद केले की 'माझे पाठवणे संपले' असे पॅकेट येते. आपला प्रोग्राम वाचायला गेला की त्याला 'शून्य अक्षरे मिळाली' असे उत्तर मिळते. नवशिके या शून्याचा अर्थ 'अजून काही आले नाही' असा घेतात आणि त्यांचा प्रोग्राम पुन्हा पुन्हा शून्य वाचत गरगरत राहतो. काही आलेले नसेल, तर सामान्यतः वाचण्याची आज्ञा थांबून राहते. शून्य म्हणजे 'आता यापुढे काहीही येणार नाही'.

दुसरा, प्रोग्राम अचानक कोसळणे. इथे प्रोग्राम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते. ती त्याची आवराआवर करते आणि त्याच्या वतीने समोरच्याला कळवते. त्यामुळे हाही शेवट लगेच कळतो.

तिसरा, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होणे. यंत्र परत आले, पण त्याची वही कोरी झाली. आपण जुन्या जोडणीवर काही पाठवले, तर ते 'अशी जोडणी मला ठाऊक नाही' अशा अर्थाचे पॅकेट पाठवते आणि आपल्या प्रोग्रामला त्रुटी मिळते. अर्थात, आपण काही पाठवले तरच. आपण नुसतेच ऐकत बसलो असू, तर काहीच कळणार नाही. एका बाजूची वही भरलेली आणि दुसरीची कोरी, अशा या अवस्थेला १९८१ च्या प्रमाणकातच 'अर्धी उघडी जोडणी' असे नाव आहे.

चौथा शेवट सर्वांत अवघड. वीज गेली, तार तुटली, मोबाइल बोगद्यात शिरला. निरोप देणारेच कोणी उरले नाही किंवा निरोप यायला रस्ता उरला नाही. अशा वेळी जे मिळते, ते म्हणजे केवळ शांतता.

पहिल्या तिन्ही प्रकारांत कोणीतरी काहीतरी सांगते. चौथ्यात मात्र आपल्याला स्वतःच ठरवावे लागते. ठरवण्याचे साधन एकच आहे, ते म्हणजे घड्याळ.

किती वेळ वाट पाहायची?

आपण पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही, तर टीसीपी ते पुन्हा पाठवते. पण किती वेळाने? फार उशीर केला तर काम रखडते. फार घाई केली तर त्याहून वाईट होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात याचा धडा मिळाला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. त्यांच्यातल्या संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरला, म्हणजे ८०० पट कमी झाला! गर्दीमुळे पॅकेट रांगेत अडकत होती. पाठवणाऱ्यांना वाटे, ती हरवली. ते पुन्हा पाठवत आणि रांग आणखी वाढे. उशीर झालेल्याला मेलेला समजण्याचा हा परिणाम होता.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडले. त्यांतला एक वाट पाहण्याच्या काळासंबंधी आहे. पॅकेट जाऊन पोच परत यायला लागणाऱ्या वेळेची केवळ सरासरी पाहू नये, ती वेळ सरासरीपासून किती इकडेतिकडे होते तेही मोजावे. आजचा नियम असा: सरासरीत विचलनाची चौपट मिळवा, तेवढा वेळ वाट पाहा. सरासरी १०० मिलिसेकंद आणि विचलन २० असेल, तर १०० + ८० = १८० मिलिसेकंद. विचलन ६० असेल, तर सरासरी तीच असूनही ३४० मिलिसेकंद. ज्याच्या येण्याच्या वेळेचा नेम नाही, त्याची वाट जास्त पाहायची, हे व्यवहारज्ञानच सूत्रात आले आहे. प्रत्यक्षात या काळाला एक किमान मर्यादाही घातलेली असते. आणि प्रत्येक अपयशानंतर हा काळ दुप्पट करायचा, म्हणजे गर्दीत भर पडत नाही.

आता विद्यार्थ्यांना एक उदाहरण घालता येईल. लिनक्स प्रणालीत नेहमीच्या मांडणीनुसार न पोहोचलेले पॅकेट १५ वेळा पुन्हा पाठवले जाते. पहिली वाट ०.२ सेकंद धरू, प्रत्येक वेळी दुप्पट, पण १२० सेकंदांहून जास्त नाही. शेवटच्या प्रयत्नानंतरही एकदा वाट पाहायची असते, म्हणून एकूण १६ थांबे. ०.२, ०.४, ०.८ असे करत दहावा थांबा १०२.४ सेकंदांचा येतो. या दहांची भूमितीय श्रेणीने बेरीज २०४.६ सेकंद. उरलेले सहा थांबे प्रत्येकी १२० सेकंदांचे, म्हणजे ७२० सेकंद. एकूण ९२४.६ सेकंद, म्हणजेच १५ मिनिटांहून थोडे जास्त. लिनक्सच्या माहितीपत्रकात हाच आकडा किमान म्हणून दिलेला आहे. म्हणजे आपण काही पाठवले असतानाही, पलीकडे कोणी नाही हे प्रोग्रामला कळायला पाव तास लागू शकतो.

आणि काहीच पाठवले नसेल तर? मग कधीच कळणार नाही! यासाठी टीसीपीत एक ऐच्छिक सोय आहे. बराच काळ शांतता असली की 'आहेस ना?' असे विचारणारे पॅकेट पाठवायचे. ऑक्टोबर १९८९ च्या नियमानुसार ही सोय मुळात बंद ठेवायची असते. प्रोग्रामने मागितली तरच चालू करायची आणि मूळ मांडणीत दोन तासांच्या आत असा प्रश्न विचारायचा नाही. लिनक्समध्ये ७२०० सेकंदांनी पहिला प्रश्न आणि मग ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण ९ प्रश्न. ७२०० + ९ × ७५ = ७८७५ सेकंद, म्हणजे २ तास ११ मिनिटे १५ सेकंद. एवढा संयम का? क्षणिक अडचणीत नेमका प्रश्न विचारला, तर चांगली जोडणी उगाच मोडली जाईल, आणि प्रत्येक पॅकेटला पैसे मोजावे लागणाऱ्या जाळ्यांत नाहक खर्च होईल, अशी कारणे नियमकर्त्यांनी दिली होती.

आजच्या जाळ्यांत आणखी एक अडचण आली आहे. घरातले किंवा शाळेतले अनेक संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. कोणते पॅकेट आत कोणाला द्यायचे, याचा तक्ता मधले उपकरण ठेवते. म्हणजे मूळ दोन वह्यांच्या मध्ये आता तिसरी वही आली. तिच्यात जागा मर्यादित, म्हणून बराच काळ गप्प असलेल्या जोडणीची नोंद ती पुसून टाकते. २००८ च्या शिफारशीप्रमाणे चालू जोडणीची नोंद निदान २ तास ४ मिनिटे ठेवायला हवी, पण पुष्कळ उपकरणे ती याहून लवकर पुसतात. मग दोन्ही टोके जिवंत, तारा शाबूत, तरी संदेश मात्र पोहोचत नाही.

म्हणून जाणते प्रोग्राम लिहिणारे ऑपरेटिंग सिस्टिमवर विसंबत नाहीत. ठरावीक काळाने एक छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर आले नाही तर जोडणी मेली असे मानायचे, ही सोय ते आपल्या प्रोग्राममध्येच करतात. इंटरनेटवरचे मोठे राउटर एकमेकांना मार्गांची माहिती देतात, त्या पद्धतीच्या २००६ च्या प्रमाणकात दर ३० सेकंदांनी खुशाली आणि ९० सेकंद शांतता असल्यास जोडणी संपली, असे आकडे सुचवले आहेत. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. टीसीपीच्या 'आहेस ना?' ला ऑपरेटिंग सिस्टिम उत्तर देते. त्या वेळी प्रोग्राम स्वतः कुठेतरी अडकून बसलेला असला, तरी उत्तर 'आहे' असेच येते. प्रोग्रामची खुशाली प्रोग्रामनेच सांगायला हवी.

तीस सेकंद बरोबर की तीन मिनिटे? याला एकच उत्तर नाही. काळ कमी ठेवला तर जिवंताला मृत ठरवण्याची चूक वाढते. जास्त ठेवला तर मृताची वाट पाहण्याची चूक वाढते. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. कोणती चूक महाग पडेल, हे कामावरून ठरवावे लागते.

शिक्का बसला, पण पत्र वाचले का?

इथपर्यंत आपण 'जोडणी तुटली हे केव्हा कळते' एवढेच पाहिले. खरा प्रश्न पुढे आहे. तुटण्याआधी पाठवलेल्या कामाचे काय झाले?

शाळेच्या कार्यालयात आलेले पत्र आवक नोंदवहीत चढते आणि आपल्या प्रतीवर शिक्का मिळतो. या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की पत्र कार्यालयात आले. मुख्याध्यापकांनी ते वाचले, त्यावर कार्यवाही केली, असा त्याचा अर्थ होत नाही. टीसीपीची पोच ही असा आवकेचा शिक्का आहे. पलीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिमला पॅकेट मिळाले, एवढेच ती सांगते. सॉकेटमध्ये 'लिहिणे यशस्वी' असे उत्तर मिळते, त्याचा अर्थ तर याहूनही कमी आहे. आपला मजकूर आपल्याच ऑपरेटिंग सिस्टिमने पाठवण्यासाठी ठेवून घेतला, इतकाच. म्हणजे तो अजून आपल्याच जावक टेबलावर पडलेला असू शकतो.

सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा विचार सर्वसाधारण तत्त्व म्हणून मांडला. काम झाले की नाही याची खात्री फक्त काम करणारी दोन टोकेच देऊ शकतात. मधल्या यंत्रणेने कितीही काळजी घेतली तरी ती या खात्रीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून 'काम झाले' हे उत्तर पलीकडच्या प्रोग्रामने, काम पूर्ण केल्यावर, स्वतः द्यायला हवे.

ते उत्तरही वाटेत हरवले तर? समजा, आपण 'अमुक खात्यात ५०० रुपये जमा करा' असा संदेश पाठवला आणि उत्तर आले नाही. दोन शक्यता आहेत. संदेशच पोहोचला नाही, म्हणून पैसे जमा झाले नाहीत. किंवा संदेश पोहोचला, पैसे जमा झाले आणि उत्तर हरवले. आपल्या बाजूने दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे दिसतात. पुन्हा पाठवले नाही तर पहिल्या प्रसंगात पैसे मिळणार नाहीत. पुन्हा पाठवले तर दुसऱ्या प्रसंगात दोनदा मिळतील.

पोचेचीही पोच मागितली तर हा पेच सुटेल का? नाही, आणि हे सिद्ध करता येते. १९७५ मध्ये हा प्रश्न संगणकशास्त्रात मांडला गेला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला 'दोन सेनापतींचा पेच' हे नाव रूढ केले. दोन टेकड्यांवर दोन सेनापती आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. निरोप्या दरीतून जातो आणि वाटेत पकडला जाऊ शकतो. निरोपांच्या किती फेऱ्या झाल्या म्हणजे दोघांची खात्री पटेल? समजा, एखादी कमीत कमी निरोपांची पद्धत आहे. तिच्यातला शेवटचा निरोप हरवू शकतो आणि पाठवणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून तो पोहोचो अथवा न पोहोचो, पाठवणाऱ्याचा निर्णय तोच राहणार. दोघांचे निर्णय जुळायचे, तर घेणाऱ्याचा निर्णयही त्यावर अवलंबून असता कामा नये. म्हणजे तो निरोप अनावश्यक ठरला! तो काढून टाकला तर आणखी कमी निरोपांची पद्धत मिळते. हा आपल्या गृहीतकाशी विरोध आहे. अर्थात, अशी पद्धत असूच शकत नाही. विरोधाभासाने सिद्धता देण्याचे इतके सोपे उदाहरण गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल.

पेच सुटत नाही, पण बाधतही नाही

निरोप पोहोचल्याची पूर्ण खात्री मिळत नाही, हे मान्य केले की वाट निघते. निरोप दोनदा पोहोचला तरी नुकसान होणार नाही, अशी कामाची रचना करायची. मग शंका आली की निःशंकपणे पुन्हा पाठवता येते.

काही कामे मुळातच अशी असतात. 'दिवा लावा' हे दोनदा सांगितले तरी दिवा लागलेलाच राहतो. 'दिव्याचे बटण उलटे करा' हे दोनदा सांगितले तर दिवा विझतो. 'या विद्यार्थ्याचे गुण ७२ लिहा' हे सुरक्षित, 'गुण ५ ने वाढवा' हे धोक्याचे. शक्य तिथे पहिल्या प्रकारची आज्ञा वापरावी.

जिथे ते शक्य नाही, तिथे प्रत्येक मागणीला पाठवणाऱ्याने एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक ठेवायचा. घेणाऱ्याने पुऱ्या केलेल्या मागण्यांचे क्रमांक व त्यांची उत्तरे जपून ठेवायची. जुना क्रमांक पुन्हा आला तर काम न करता जुनेच उत्तर परत द्यायचे. एक पथ्य मात्र पाळायला हवे. काम आणि क्रमांकाची नोंद या दोन्ही गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात, एक झाली आणि दुसरी राहिली असे होता कामा नये. नाहीतर नेमकी मधल्या क्षणी वीज गेली, तर मूळ पेच पुन्हा उभा राहतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या युपीआयमध्येही प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून 'त्याचे काय झाले?' अशी चौकशी करता येते. पडद्यावर 'प्रलंबित' असे दिसते, तेव्हा 'पैसे गेले' किंवा 'गेले नाहीत' असे ठामपणे सांगण्याइतकी माहिती यंत्रणेकडे आलेली नसते. अशा वेळी नवा व्यवहार करणे म्हणजे नव्या क्रमांकाची मागणी करणे. तिला आधीच्या क्रमांकाचे संरक्षण नसते. म्हणून आधी जुन्या व्यवहाराची स्थिती पाहावी, हेच शहाणपणाचे.

आणखी एक पथ्य. पुन्हा जोडणी करण्याचे प्रयत्न वाढत्या अंतराने करावेत आणि त्या अंतरात थोडा यदृच्छ फरक ठेवावा. नाहीतर सेवा परत सुरू होताच हजारो संगणक एकाच क्षणी तिच्यावर तुटून पडतात आणि ती पुन्हा कोसळते. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की एकाच दारातून आत शिरणारी मुले आठवा.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी संगणकाची गरज नाही. एक विद्यार्थी 'ग्राहक', एक 'बँक' आणि एक 'जाळे'. ग्राहक 'एक रुपया जमा करा' अशी चिठ्ठी देतो. जाळे नाणे उडवते. छापा आला तर चिठ्ठी पोहोचवते, काटा आला तर खिशात घालते. बँक चिठ्ठी मिळाली की फळ्यावर एक रेघ ओढते आणि 'झाले' अशी चिठ्ठी देते. तिच्यासाठीही नाणे उडवायचे. उत्तर मिळेपर्यंत ग्राहकाने पुन्हा पुन्हा चिठ्ठी द्यायची. उत्तर मिळाले की एक खेळ संपला.

असे वीस खेळ झाले की फळ्यावरच्या रेघा मोजा. पाठवायचे होते वीस रुपये. रेघा मात्र चाळीसच्या आसपास दिसतील. कारण असे: एका प्रयत्नात चिठ्ठी आणि उत्तर दोन्ही पोहोचण्याची संभाव्यता १/४, म्हणून सरासरीने ४ प्रयत्न लागतात. प्रत्येक प्रयत्नात चिठ्ठी बँकेत पोहोचण्याची संभाव्यता १/२, म्हणून सरासरीने २ रेघा. आणखी एक निरीक्षण करवून घ्या. ग्राहकाला ज्या ज्या वेळी शांतता मिळते, त्यांपैकी एकतृतीयांश वेळा काम खरे तर झालेले असते. काम न होण्याची संभाव्यता १/२, काम होऊन उत्तर हरवण्याची १/४, आणि या दोहोंची बेरीज ३/४.

नंतर चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून तोच खेळ पुन्हा खेळा. जाळे पूर्वीइतकेच बेभरवशाचे, चिठ्ठ्या तितक्याच हरवतात, प्रयत्न तितकेच लागतात. पण रेघा मात्र बरोबर वीस येतात. जाळ्यात काहीही सुधारणा न करता व्यवहार भरवशाचा झाला. तो कशामुळे झाला, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. उत्तर न येणे म्हणजे 'नाही' असे उत्तर येणे नव्हे, हे त्यांच्या तोंडून आले की या पाठाचा हेतू साध्य झाला असे समजावे.